चार्ल्स्टनचे बेने वेफर: तिळाची पातळ, कुरकुरीत बिस्किटं घरी कशी करायची

अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यात अटलांटिकच्या काठावर चार्ल्स्टन हे जुनं बंदर आहे. तिथल्या सिटी मार्केटमध्ये रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी, तपकिरी, काचेसारखी तडकणारी तिळाची बिस्किटं मिळतात. त्यांना बेने वेफर म्हणतात. बेने म्हणजे तीळ. हा शब्द पश्चिम आफ्रिकेतल्या वोलोफ आणि मांदे भाषांमधून आला, आणि तीळही तिथूनच आले. लोण्यातली गोड बिस्किटं जगात पुष्कळ आहेत. या बिस्किटाचं वेगळेपण तिळाच्या भाजणीत आहे. भाजणी साधली तर बाकीची कृती नवशिक्यालाही जमते. ती बिघडली तर कितीही चांगलं लोणी घाला, हाती साधं गोड बिस्किटच येतं. म्हणून या लेखात भाजणीवर सगळ्यांत जास्त बोलणार आहे.

त्याआधी हे खाणं कोणाचं, ते सांगायला हवं. त्याशिवाय ही कृती अर्धीच कळेल.

तीळ तिथे कसे पोचले

सतराव्या आणि अठराव्या शतकात सेनेगल, गांबिया, सिएरा लिओन या किनाऱ्यावरून हजारो माणसं पकडून कॅरोलायनात आणली गेली आणि भाताच्या मळ्यांवर गुलाम म्हणून राबवली गेली. भरती-ओहोटीच्या पाण्यावर भात पिकवण्याचं ज्ञान त्यांच्यापाशी होतं आणि मळेवाल्यांची संपत्ती त्याच ज्ञानावर उभी राहिली. या किनारपट्टीवर कामाची पद्धत अशी होती की दिवसाला ठरावीक काम नेमून दिलं जाई. ते संपलं की उरलेल्या वेळात ही माणसं स्वतःच्या जमिनीच्या तुकड्यावर काहीबाही लावत. त्या परसात भेंडी आणि चवळी असे, आणि तीळही असत. तीळ कुटून कालवणात घालत, तेल काढत, पानं पाण्यात भिजवून तो बुळबुळीत काढा पोटाच्या तक्रारींवर देत. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबून संध्याकाळी आपल्या तुकड्यावर तीळ पेरणाऱ्या त्या बायका-माणसांमुळे हे बी तिथे टिकलं.

मळेवाल्यांच्या जगाला त्याची किंमत नंतर कळली. अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्याकडे तिळाच्या तेलाची बाटली आली. त्यांनी ते तेल जेवणाच्या टेबलावर ऑलिव्ह तेलाच्या जोडीला सॅलडमध्ये घालून पाहुण्यांना ओळखायला लावलं आणि 1808 साली पत्रात त्याची तोंडभर स्तुती केली. स्वतःच्या माँटिचेलोच्या बागेत त्यांनी तीळ लावूनही पाहिले. तिथली कष्टाची कामंही गुलाम माणसंच करत होती.

आजचे बेने वेफर जसेच्या तसे आफ्रिकेतून आलेले नाहीत, हेही सांगायला हवं. गव्हाचा मैदा, लोणी, भट्टीत भाजलेलं पातळ बिस्किट हा युरोपी भाग आहे. बी, ते भाजायची रीत आणि तिळाला गोडाशी जोडणं हे आफ्रिकेकडचं. नायजेरियातल्या हौसा लोकांमध्ये तीळ आणि साखरेची कांतुन रिदी नावाची चिक्की आजही घराघरांत होते आणि रस्त्यावर विकली जाते. या दोन्ही गोष्टी चार्ल्स्टनच्या स्वयंपाकघरात एकत्र आल्या आणि त्या स्वयंपाकघरांत चुलीपुढे उभ्या असलेल्या स्त्रिया बहुतेक करून कृष्णवर्णीय होत्या. पुढे विसाव्या शतकात या कृती छापल्या गेल्या त्या बऱ्याचदा गोऱ्या घरांच्या नावावर. ज्यांच्या हातांनी त्या तयार झाल्या त्यांची नावं राहून गेली. त्यांचे वंशज म्हणजे गला गीची समाज. नॉर्थ कॅरोलायनापासून फ्लोरिडापर्यंतच्या किनाऱ्यावर आणि बेटांवर त्यांची स्वतःची भाषा, विणकाम आणि स्वयंपाक जिवंत आहे. 2006 साली अमेरिकी संसदेने हा सगळा पट्टा गला गीची सांस्कृतिक वारसा क्षेत्र म्हणून मान्य केला. क्वान्झा हा आफ्रिकन-अमेरिकन सण 1966 पासून 26 डिसेंबर ते 1 जानेवारी साजरा होतो. त्यातही अनेक घरांत तिळाची ही बिस्किटं होतात.

आपल्या दृष्टीने आणखी एक गोष्ट मोलाची आहे. तीळ माणसाने पहिल्यांदा लावले ते भारतीय उपखंडात. हडप्पाच्या उत्खननात जळालेले तीळ सापडले आहेत. म्हणजे हे बी इथून आफ्रिकेत गेलं, तिथे पक्कं रुजलं आणि मग साखळदंडातल्या माणसांसोबत समुद्रापार पोचलं.

कोणते तीळ घ्यायचे

संक्रांतीच्या लाडवांसाठी आपण पांढरेशुभ्र पॉलिश केलेले तीळ आणतो. इथे ते नकोत. सालासकट असलेले, मळकट पिवळसर किंवा तपकिरी झाक असलेले गावरान तीळ घ्या. किराणा दुकानात 'पॉलिश नसलेले' म्हणून मागितले की मिळतात. सालात किंचित कडवटपणा असतो आणि तोच या बिस्किटाच्या गोडाला आवरतो. पॉलिश केलेल्या तिळांची बिस्किटं दिसायला सुंदर होतात, पण चव एकसुरी लागते.

जुना चार्ल्स्टनचा बेनेही असाच होता. दाणा लहान, चव गडद, तेल आजच्या तिळांपेक्षा कमी. त्याची बोंडं पिकली की आपोआप उकलत आणि दाणे जमिनीवर सांडत. त्यामुळे तो हातानेच काढावा लागे. आपल्याकडेही बोंडं उकलायच्या आत झाडं कापून पेंढ्या उभ्या ठेवतात आणि वाळल्यावर उलट्या करून झटकतात, ते याच कारणाने. 1943 साली व्हेनेझुएलात बोंड न उकलणारं तिळाचं झाड सापडलं. त्यापासून यंत्राने काढता येतील असे वाण तयार झाले आणि तेलासाठी तेच वाढवले गेले. जुना बेने जवळजवळ विस्मरणात गेला. गेल्या काही दशकांत साउथ कॅरोलायनातल्या शेतकऱ्यांनी आणि गिरणीवाल्यांनी तो पुन्हा लावायला घेतला आहे. भारतात बसून तो मिळवायची धडपड करू नका. आपले गावरान तीळ चवीला त्याच्या बरेच जवळ जातात.

काळे तीळ घालू नयेत असं माझं मत आहे. त्यांची चव वेगळी असते, आणि काळ्या रंगात भाजणी किती झाली ते मुळीच कळत नाही.

साहित्य

यात सुमारे 85 ते 90 लहान वेफर होतात. पहिल्यांदा करत असाल तर पीठ एवढंच मळा आणि निम्मं फ्रिजमध्ये ठेवा. ते तीन दिवस छान राहतं.

- सालासकट तीळ: 140 ग्रॅम (अंदाजे 1 कप)
- बिनमिठाचं लोणी किंवा बटर: 115 ग्रॅम, मऊ झालेलं
- ब्राउन शुगर: 200 ग्रॅम (दाबून भरलेला 1 कप)
- मैदा: 100 ग्रॅम
- अंडं: 1, खोलीच्या तापमानाचं
- मीठ: अर्धा छोटा चमचा
- खाण्याचा सोडा: पाव छोटा चमचा
- व्हॅनिला इसेन्स: 1 छोटा चमचा
- लिंबाचा रस: 1 छोटा चमचा

शक्य असेल तर वजनकाटा वापराच. या बिस्किटात मैदा फार थोडा आहे. कपात दाबून भरलेला 20 ग्रॅम जास्तीचा मैदासुद्धा वेफरची नानकटाई करून टाकतो.

नेहमीचं पिवळं खारं बटर वापरलं तर वेगळं मीठ घालू नका. घरचं लोणी चालतं, पण त्यातलं ताक धुऊन काढलेलं असावं आणि पाणी पिळून काढलेलं असावं.

ब्राउन शुगर घेताना नीट बघा. रंग लावलेली जाड दाण्यांची साखर याच नावाने विकली जाते. ती बिस्किटात विरघळत नाही. हाताला ओलसर लागणारी, मुठीत दाबली तर गोळा होणारी बारीक साखर हवी. ती नसेल तर 200 ग्रॅम बारीक दाण्याच्या पांढऱ्या साखरेत दीड मोठा चमचा काकवी घालून बोटांनी चोळून घ्या. रंग आणि ओल दोन्ही मिळतात. गूळ वापरायचा मोह मराठी घरात होणारच. गुळाने बिस्किट चांगलंच लागतं, पण मग चव सरळ तिळगुळाकडे जाते. पहिल्या खेपेला मूळ चव काय आहे ते कळू द्या, नंतर हवा तो गूळ घाला.

भाजणी

तीळ निवडून चाळून घ्या. गावरान तिळात बारीक रेव असते आणि एवढ्या पातळ बिस्किटात एक खडासुद्धा दाताखाली येतो. रेव जास्त वाटली तर तीळ पाण्यात घालून वरच्यावर काढून घ्या, कापडावर पसरून पूर्ण वाळवा आणि मगच भाजा. ओले तीळ आधी वाफवतात, भाजायला वेळ लागतो आणि रंग डागाडागांनी येतो.

जाड बुडाची कढई किंवा बिडाचा तवा घ्या. तो मंद आचेवर दोन-तीन मिनिटं तापू द्या, मग तीळ घाला. आच मंदच ठेवा. पहिली तीन मिनिटं काही घडताना दिसत नाही आणि इथेच हात गॅसच्या बटणाकडे जातो. तो जाऊ देऊ नका. मोठ्या आचेवर साल करपतं आणि आतला गर कच्चा राहतो. अशा तिळांचा वेफर आधी कडू लागतो आणि मागून चवच नसते.

लाकडी उलथन्याने सतत, बुडाला लागेल असं ढवळत राहा. चार-पाच मिनिटांनी तीळ तडतडायला लागतील. तडतड सुरू झाली म्हणजे भाजणी झाली, असा बऱ्याच जणांचा समज असतो. पांढऱ्या तिळांना ते चालून जातं. सालाच्या तिळांना अजून तीन-चार मिनिटं लागतात. रंगावर भरवसा ठेवता येत नाही, कारण साल मुळातच तपकिरी असतं. म्हणून नाक आणि बोटं वापरायची. आधी कच्च्या तेलाचा वास येतो, मग भाजक्या शेंगदाण्याकडे झुकणारा खमंग वास येतो. तो वास आला की चार दाणे काढून गार करा आणि बोटांत चिरडा. सहज भुगा झाला आणि आतला गर फिकट सोनेरी दिसला की थांबा. दाणा चिवटपणे दबला तर आणखी एक मिनिट.

इथे थोडं आधीच थांबायचं असतं, कारण हे तीळ ओव्हनमध्ये दुसऱ्यांदा भाजले जाणार आहेत. पूर्ण गडद केलेले तीळ तिथे करपतात. लाडवासाठी आपण जेवढे भाजतो त्याच्या किंचित अलीकडे आणि साधारण 8 ते 10 मिनिटांत हे काम झालेलं असतं. गॅस बंद करून तीळ लगेच गार ताटात पसरा. कढईतच ठेवले तर बुडाच्या उष्णतेने भाजणी चालूच राहते.

ओव्हनमध्येही भाजता येतात. 170 अंश सेल्सियसला ट्रेमध्ये एका थरात पसरून 10 ते 12 मिनिटं, मधे एकदा हलवून. रंग एकसारखा येतो. मला मात्र कढई बरी वाटते, कारण वास थेट नाकाशी असतो आणि थांबण्याचा क्षण हातातून निसटत नाही.

तीळ पूर्ण गार झाल्यावर त्यातले दोन मोठे चमचे खलबत्त्यात जाडसर कुटा. बाकीचे अख्खे राहू द्या. कुटलेल्या तिळाचं तेल पिठात उतरतं आणि चव दाण्यांपुरती न राहता सगळ्या बिस्किटात पसरते.

पीठ

बटर इतकं मऊ हवं की बोट दाबलं तर खळगा पडेल, पण ते वितळलेलं नको. त्यात ब्राउन शुगर घालून लाकडी चमच्याने किंवा हँड मिक्सरने दोन मिनिटं फेटा. केकसारखं हलकं-पांढरं होईपर्यंत फेटू नका. आत जास्त हवा गेली की वेफर फुगतो, मग बसतो आणि मध्ये चामट राहतो. अंडं, व्हॅनिला आणि लिंबाचा रस घालून एकजीव करा. मैदा, मीठ, सोडा एकत्र चाळून त्यात मिसळा. मैदा दिसेनासा झाला की हात थांबवा. शेवटी तीळ घाला. ते कोमट जरी असले तरी बटर वितळतं, म्हणून गार झाले आहेत याची पुन्हा खात्री करा.

पीठ सैल, चमच्यावरून हळूहळू घसरणारं होईल. घाबरून मैदा वाढवू नका. झाकून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. तेवढ्या वेळात मैदा ओल शोषून घेतो, बटर घट्ट होतं आणि बिस्किटं ट्रेवर एकदम पसरत नाहीत.

अंडं नको असेल तर त्याऐवजी दोन मोठे चमचे दूध आणि एक मोठा चमचा जास्तीचा मैदा घाला. हे वेफर जाळीदार आणि जास्त ठिसूळ होतात. आकार आणखी लहान ठेवा, नाहीतर उचलताना मोडतात.

ओव्हन

ओव्हन 170 अंशांवर 15 मिनिटं आधी तापवा. वर-खाली दोन्ही कॉइल चालू, ट्रे मधल्या जाळीवर. पंखा चालू ठेवणार असाल तर 160 अंश पुरतात. ट्रेवर बेकिंगचा पार्चमेंट कागद हवाच. दुकानात बटर पेपर म्हणून मिळणारा मेणाचा पातळ कागद इथे चालत नाही, मेण वितळून बिस्किटाला चिकटतं.

लहान चमच्याने सपाट भरून, साधारण 6-7 ग्रॅमचे गोळे ठेवा. दोन गोळ्यांत चांगली 5 सेंटीमीटर जागा सोडा. हाताने चपटे करू नका, ते आपणच पसरतात. सुरुवातीला फक्त तीन-चार गोळ्यांची एक खेप भाजून बघा. घरच्या ओव्हनचा आकडा आणि आतलं खरं तापमान यांत बराच फरक असतो आणि तो या पहिल्या खेपेतच कळतो.

काचेतून बघत राहा. आधी गोळे वितळून पसरतात, मग अंगभर बुडबुडे येतात, मग ते बुडबुडे बसतात आणि कडा गडद होऊ लागते. बुडबुडे बसले की शेवटची दोन मिनिटं उरली असं समजा. पाच मिनिटांनी ट्रे फिरवून ठेवा, कारण ओव्हनची मागची बाजू जास्त तापते. एकूण 8 ते 10 मिनिटं लागतात. कडा गडद तपकिरी आणि मध्य मधाच्या रंगाचा झाला की बाहेर काढा.

बाहेर आल्यावर वेफर लिबलिबीत असतो. हे बरोबरच आहे. त्यातली साखर गार झाल्यावरच कडक होते. दोन मिनिटं ट्रेवरच राहू द्या, मग पातळ उलथन्याने जाळीवर काढा. पुढची खेप गरम ट्रेवर घालू नका. ओव्हनमध्ये जायच्या आधीच गोळे वितळतात आणि कडा कागदासारख्या पातळ होऊन करपतात.

बिघडलं तर

गार झाल्यावरही वेफर वाकतो, तडकत नाही: कमी भाजला गेला. ट्रेवर परत लावून 160 अंशांवर तीन मिनिटं ठेवा. हे दुसऱ्या दिवशीही करता येतं.

सगळे एकमेकांत मिसळून एकच चादर झाली: पीठ पुरेसं गार नव्हतं किंवा बटर वितळलं होतं. गरम असतानाच सुरीने चौकोन कापा, चव तीच असते. उरलेलं पीठ आणखी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा.

गोळे पसरलेच नाहीत: मैदा जास्त झाला. उरलेल्या पिठात एक मोठा चमचा मऊ बटर मिसळा आणि पुढचे गोळे ओल्या बोटांनी थोडे दाबा.

कडू लागतात: तीळ जास्त भाजले गेले किंवा जुने होते. जुन्या तिळाला खवट वास येतो. भाजायच्या आधी चार दाणे चावून बघायची सवय चांगली. यावर पिठात काही करता येत नाही, तीळ नव्यानेच भाजावे लागतात.

चार्ल्स्टनमध्ये याचंच तिखट-खारं भावंडही आहे. त्यात साखर नसते, मैद्यात लोणी चोळून घट्ट पीठ भिजवतात, तीळ आणि लाल तिखट घालून पातळ लाटतात आणि गोल कापून भाजतात. संध्याकाळच्या पेयांबरोबर ते ठेवतात. त्याची कृती खाऱ्या शंकरपाळ्यांच्या वळणाने जाते, म्हणून इथे तपशील देत नाही.

ठेवण आणि देणं

चार्ल्स्टनची हवा आपल्या कोकणासारखी दमट आहे. म्हणूनच तिथे हे वेफर घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यांत विकतात. पूर्ण गार झाल्यावरच, थरांमध्ये कागद घालून, हवाबंद डब्यात भरा. एकही कोमट वेफर आत गेला तर त्याच्या वाफेने सगळा डबा मऊ पडतो. कोरड्या हवेत दोन आठवडे कुरकुरीत राहतात. पावसाळ्यात एका आठवड्यात संपवा, आणि मऊ पडलेच तर वर सांगितलेली तीन मिनिटांची शेक द्या.

कोणाला भेट देताना डब्यावर 'तीळ आहेत' असं ठळक लिहा, अंडं घातलं असेल तर तेही. तिळाची ॲलर्जी काही जणांना गंभीर असते. अमेरिकेत 1 जानेवारी 2023 पासून पाकिटबंद खाण्यावर तिळाचा उल्लेख ॲलर्जीच्या पदार्थांत करणं सक्तीचं आहे, त्यामुळे तिथल्या नातेवाइकांकडे किंवा मुलांच्या शाळेत डबा पाठवणार असाल तर आधी विचारून घ्या. त्याच चिठ्ठीवर हे बेने वेफर आहेत आणि गला गीची लोकांचं खाणं आहे, हीही एक ओळ लिहा.